रात्री ११ वाजून ३२ मिनिटांनी गेलेला मेल

कागद अगदी छोटा आहे. वर ‘पुरावा गोळा करण्याबाबत सूचना’ अशा अर्थाचं शीर्षक, मध्ये मोजकी वाक्यं, खाली बीजिंगच्या स्टेट सिक्युरिटी ब्यूरोचा शिक्का आणि तारीख २२ एप्रिल २००४. पाठवलाय याहू (हाँगकाँग) होल्डिंग्जच्या बीजिंगमधल्या प्रतिनिधी कार्यालयाला. मजकूर साधारण असा : परदेशी घटकांना सरकारी गुपितं बेकायदा पुरवल्याच्या संशयावरून आमच्याकडे एका प्रकरणाचा तपास चालू आहे, त्यासंबंधीची माहिती तुमच्याकडे आहे, फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या कलम ४५ नुसार ती आम्हाला घेता येते. कोणती माहिती? एका ईमेल खात्याच्या नोंदणीचा तपशील, २२ फेब्रुवारी २००४ पासून आजपर्यंतच्या लॉग-इनच्या सगळ्या वेळा, त्या त्या वेळचे आयपी पत्ते आणि संबंधित मेलमधला मजकूर.

हिंजवडीत किंवा बीकेसीत एखाद्या कंपनीच्या लीगल विभागात बसणाऱ्याला अशा जातीचा कागद नवा नाही. आपल्याकडे त्याला ‘९१ ची नोटीस’ म्हणायचे. जुन्या सीआरपीसीचं कलम ९१, आता नव्या संहितेत ते ९४ झालंय. पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी लेखी मागतो, कंपनी देते. बहुतेक वेळा मामला चोरीच्या मोबाइलचा, बँकेतल्या फसवणुकीचा, नाहीतर कोणी कोणाला पाठवलेल्या धमकीचा असतो. टेबलावरचा माणूस शिक्का बघतो, तारीख बघतो, आवक क्रमांक टाकतो, माहिती काढून लखोट्यात घालतो आणि पुढचा कागद उचलतो.

चिनी पत्रकार शी ताओ यांचं प्रकरण मला याच कारणासाठी सोडवत नाही. त्यात कोणी सर्व्हर फोडला नाही, कोणाच्या घरात छुपा माइक लावला नाही. टपाल आलं, टपालाला उत्तर गेलं आणि एक माणूस पावणेनऊ वर्षं आत गेला.

चांगशामधली बैठक

शी ताओ यांचा जन्म १९६८ चा, चीनच्या वायव्येकडच्या निंगशिया प्रांतातला. शिक्षण शांघायच्या ईस्ट चायना नॉर्मल युनिव्हर्सिटीत. १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनआनमेन चौकात लोकशाहीसाठीचं आंदोलन चिरडायला रणगाडे शिरले तेव्हा ते विशी-एकविशीतले विद्यार्थी होते. पिंडाने कवी, पोटापाण्यासाठी पत्रकार. २००४ साली ते हुनान प्रांताच्या राजधानीत, चांगशामध्ये, एका व्यापारविषयक दैनिकाच्या संपादकीय विभागात जबाबदारीच्या जागेवर होते.

२० एप्रिल २००४, मंगळवार. उपमुख्य संपादकांनी सहकाऱ्यांना बोलावून वरून आलेल्या एका दस्तऐवजाचा सारांश तोंडी सांगितला. केंद्रीय पातळीवरचा ‘क्रमांक ११’ चा दस्तऐवज, विषय ‘स्थैर्य राखण्याचं सध्याचं काम’. तिआनआनमेनला दीड महिन्यानं १५ वर्षं पूर्ण होणार होती. परदेशात गेलेले लोकशाहीवादी कार्यकर्ते या निमित्ताने देशात परतून गडबड करतील, तेव्हा सावध राहा. वर्तमानपत्रांनी लोकमताला ‘योग्य दिशा’ द्यावी, पक्षाच्या धोरणाशी विसंगत काही छापू नये, असा त्याचा आशय.

‘वरून निरोप आलाय’ हे वाक्य ज्याने कुठल्याही न्यूजरूममध्ये ऐकलंय त्याला या बैठकीचं चित्र डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडणार नाहीत. फरक एवढाच, की तिथे निरोप मालकाचा किंवा जाहिरातदाराचा नव्हता. निरोपाला क्रमांक होता आणि त्याची गोपनीयता राखणं कायद्याने बंधनकारक होतं.

शी ताओ यांनी टिपणं घेतली. रात्री ते कार्यालयात एकटेच जास्तीचं काम करत थांबले होते. ऑफिसच्या फोनलाइनवरून इंटरनेट जोडलं आणि आपल्या खासगी याहू खात्यावरून ती टिपणं न्यूयॉर्कहून चालणाऱ्या एका लोकशाहीवादी संकेतस्थळाच्या संपादकाला पाठवली. वेळ ११ वाजून ३२ मिनिटं. हे सगळं मी कल्पनेनं रंगवत नाहीये. ‘एकटेच जास्तीचं काम करत असल्याचा फायदा घेऊन’ हा तपशील खुद्द निकालपत्रातला आहे. नाव छापू नका, त्याऐवजी ‘१९८९६४’ असं टोपणनाव द्या, अशी विनंती त्यांनी केली होती. १९८९, सहावा महिना, चौथा दिवस, म्हणजे तिआनआनमेनची तारीख. चीनमधले नेटकरी ही तारीख गाळणीतून निसटावी म्हणून ‘३५ मे’ (३१ मेनंतरचा चौथा दिवस) असंसुद्धा लिहीत. शी ताओ यांनी ती उघडपणे टोपणनाव म्हणूनच घेतली. जपून वागणाऱ्या माणसाची ही निवड नव्हे. कवीची असेल.

तो काळ आठवतो. आपल्याकडे तेव्हा याहूचं खातं असणं म्हणजे केवढं! सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन, वहीत नाव-पत्ता खरडून, आम्ही याहू मेसेंजरवर बसायचो. खऱ्या नावानं खातं काढणारा मित्रांत बावळट ठरे. नाव खोटं दिलं की आपण कोणाला सापडत नाही, अशी आमची पक्की समजूत. त्या वेळी तशीच समजूत चांगशातही असणार.

दोन दिवस आणि सात महिने

मेल गेला मंगळवारी रात्री. नोटीस निघाली गुरुवारी. म्हणजे मधला एकच पूर्ण दिवस.

नोटिशीतली एक गोष्ट नजरेतून सुटू नये अशी आहे. कथित गुन्हा एका रात्रीचा, एका मेलचा. मागणी मात्र दोन महिन्यांची, २२ फेब्रुवारीपासूनची. त्या दोन महिन्यांत हा माणूस कधी, कुठून, किती वेळा मेल उघडून बसला हे सगळं त्यांना हवं होतं. नोटिशीत कोणा माणसाचं नाव नाही, न्यायाधीशाची सही नाही. कलम ४५ नुसार तशी गरजही नव्हती. न्यायालय, सरकारी अभियोक्ता आणि तपास यंत्रणा या तिघांनाही कोणत्याही संस्थेकडून किंवा व्यक्तीकडून पुरावा मागायचा अधिकार ते कलम देतं.

पुढच्या महिन्यात शी ताओ यांनी त्या दैनिकाची नोकरी सोडली आणि मुक्त लेखन सुरू केलं. परदेशातल्या चिनी संकेतस्थळांवर त्यांचे लेख येत राहिले. २४ नोव्हेंबर २००४ रोजी शान्शी प्रांतातल्या ताइयुआनमध्ये, घराजवळच, सुरक्षा खात्याच्या माणसांनी त्यांना ताब्यात घेतलं. चांगशाहून ताइयुआन हजारभर किलोमीटर दूर. घराची झडती झाली, संगणक आणि कागदपत्रं गेली.

‘ताबा’ आणि ‘अटक’ हे शब्द आपण बातमीत एकमेकांऐवजी सर्रास वापरतो. चीनच्या कायद्यात या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि हे प्रकरण समजायला तो फरक फार उपयोगी पडतो. आधी ताबा. मग सरकारी अभियोक्त्याच्या मंजुरीने औपचारिक अटक. मधला काळ काही प्रकारच्या प्रकरणांत ३७ दिवसांपर्यंत लांबू शकतो. शी ताओ यांची औपचारिक अटक झाली १४ डिसेंबरला, म्हणजे २० दिवसांनी. आपल्या राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदात २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभं करण्याची अट आहे. ती इथे किती वेळा आणि कशी वाकवली जाते हा वेगळा विषय, पण वाकवायला निदान ती आहे. तिथे या २० दिवसांत संशयिताला न्यायाधीशाचं तोंड दिसण्याचा प्रश्नच येत नाही.

आणि वकील? १९९६ च्या फौजदारी प्रक्रिया कायद्याप्रमाणे प्रकरणात ‘सरकारी गुपित’ असेल तर वकील नेमायलासुद्धा तपास यंत्रणेची परवानगी लागे. ज्याने पकडलं त्यालाच विचारायचं, मला वकील करू का. शी ताओ यांच्यासाठी शांघायचे वकील क्वो क्वोथिंग उभे राहिले. खटला सुरू व्हायच्या आधीच त्यांचा परवाना एका वर्षासाठी निलंबित झाला, ते नजरकैदेत गेले आणि त्याच वर्षी कॅनडाला निघून गेले. दुसऱ्या वकिलाला घेऊन ११ मार्च २००५ रोजी चांगशाच्या न्यायालयात बंद दाराआड सुनावणी झाली. साधारण दोन तास. एप्रिल संपायच्या आत निकाल आला : परदेशी घटकांना सरकारी गुपितं बेकायदा पुरवल्याबद्दल १० वर्षं कैद आणि त्यानंतर २ वर्षं राजकीय हक्कांपासून वंचित. अपील जूनमध्ये हुनानच्या उच्च न्यायालयाने सुनावणी न घेताच फेटाळलं.

मेल पाठवल्याचं शी ताओ यांनी नाकारलं नव्हतं. वाद होता तो पाठवलेल्या मजकुराला ‘गुपित’ म्हणायचं की नाही याचा. न्यायालयापुढे गुपिते जपणाऱ्या सरकारी विभागाचं प्रमाणपत्र होतं : हा दस्तऐवज ‘परमगुप्त’ श्रेणीतला. विषय संपला. वर्तमानपत्रांनी काय छापू नये याची सूचना, जी देशभरच्या संपादकीय खोल्यांत पोचवायची म्हणूनच काढलेली, ती परमगुप्त. इथे गुपिताची व्याख्या अशी आहे, की सरकार ज्याला गुपित म्हणेल ते गुपित, आणि ते तसं म्हणालं हे सांगायलाही सरकारच येईल. आरोपीने मजकुराकडे बोट दाखवायचं तर कुठे दाखवायचं?

आयपी पत्ता कोणाचा?

या प्रकरणाचं नाव जगाला कळलं ते सप्टेंबर २००५ मध्ये, निकालपत्राचं भाषांतर रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेने लोकांसमोर आणलं तेव्हा. पुराव्यांच्या यादीत एक नोंद होती : याहू होल्डिंग्ज (हाँगकाँग) कडून मिळालेली खातेदाराची माहिती. २० एप्रिल २००४ च्या रात्री ११ वाजून ३२ मिनिटं १७ सेकंदांनी अमुक आयपी पत्ता. त्या पत्त्याशी जोडलेला फोन त्या दैनिकाच्या कार्यालयातला. इमारत, मजला, सगळं.

साखळी कशी जुळली ते सावकाश बघण्यासारखं आहे. आयपी पत्ता म्हणजे माणसाचं नाव नव्हे. इंटरनेट पुरवणारी कंपनी त्या त्या वेळी एखाद्या जोडणीला जो आकडा देते तो. तो आकडा आणि नेमकी वेळ एवढं हाती आलं की टेलिफोन कंपनीकडे जायचं : या सेकंदाला हा आकडा कोणत्या फोनलाइनवर होता? फोनलाइनवरून इमारत. इमारतीत रात्री साडेअकराला कोण थांबलं होतं, हे विचारायला तर इंटरनेटचीही गरज नाही, पहारेकरी सांगेल. टोपणनाव, खात्यावरचं खोटं नाव, यातल्या कशाचाच या साखळीशी संबंध येत नाही. आम्ही कॅफेत बसून ज्याला बुरखा समजत होतो तो मुळात चेहऱ्यावर नव्हताच.

हाच प्रश्न पुढे हाँगकाँगमध्ये कायद्याच्या दारात गेला. हाँगकाँगच्या खासगी माहितीविषयक कायद्याचा याहूने भंग केला, अशी तक्रार तिथल्या प्रायव्हसी कमिशनरकडे झाली. मार्च २००७ मध्ये अहवाल आला : नुसता आयपी पत्ता म्हणजे ‘वैयक्तिक माहिती’ म्हणता येत नाही, कारण तो यंत्राचा पत्ता आहे, माणसाचा नव्हे, भंग झाल्याचं सिद्ध होत नाही. अपील मंडळानेही नोव्हेंबर २००७ मध्ये हे उचलून धरलं.

कायद्याचा कीस काढणाऱ्यांना यात दोष सापडणार नाही. आयपी पत्ता खरंच यंत्राचा असतो. पण त्याच आकड्याच्या आधाराने चांगशाच्या न्यायालयाने माणूस ओळखला, आणि हाँगकाँगच्या मंडळाने त्या आकड्यातून माणूस ओळखता येत नाही असं ठरवलं, तेव्हा तो ओळखलेला माणूस हुनानच्या तुरुंगात होता. करून सवरून नामानिराळं राहायला इतकी सोयीची जागा क्वचितच कोणाला मिळाली असेल.

‘स्थानिक कायदा पाळावाच लागतो’

बातमी फुटली त्याच महिन्यात हांगचौला अलिबाबा या चिनी इंटरनेट कंपनीने भरवलेल्या इंटरनेट परिषदेत याहूचे सहसंस्थापक जेरी यांग यांना याबद्दल विचारलं गेलं. महिनाभरापूर्वीच याहूने १ अब्ज डॉलर आणि आपला चीनमधला धंदा देऊन अलिबाबातला ४० टक्के वाटा घेतला होता. यांग यांचं उत्तर थोडक्यात असं : चीन असो वा आणखी कुठला देश, धंदा करायचा तर तिथला कायदा पाळावाच लागतो, जे झालं ते मला आवडलेलं नाही.

फेब्रुवारी २००६ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या उपसमितीपुढे याहू, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि सिस्को या चौघांना बोलावलं गेलं. याहूचे मुख्य कायदेशीर अधिकारी मायकेल कॅलाहन यांनी तिथे सांगितलं की मागणी आली तेव्हा तपास कशाचा आहे याची कंपनीला काही माहिती नव्हती.

आणि मग २००७ च्या जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डुई हुआ फाउंडेशन या मानवी हक्क संस्थेने सुरुवातीला सांगितलेला तो छोटा कागद प्रसिद्ध केला. ‘सरकारी गुपितं बेकायदा पुरवल्याचा संशय’ हे शब्द त्यात पांढऱ्यावर काळे होते. चीनमध्ये राजकीय विरोधकांवर लावायचं हे नेहमीचं कलम. बीजिंगमध्ये धंदा करणाऱ्या कंपनीच्या वकिलाला त्याचा अर्थ कळला नसेल यावर विश्वास ठेवायला माझी तयारी नाही. कंपनीचा खुलासा आला तो भाषांतराचा आणि माहिती वरपर्यंत न पोचल्याचा. कॅलाहन यांनी नंतर कबूल केलं की हा जादा तपशील आपल्याला ऑक्टोबर २००६ मध्येच समजला होता आणि तो समितीला लगेच कळवायला हवा होता.

६ नोव्हेंबर २००७ ला पुन्हा सुनावणी. परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्ष टॉम लँटॉस. हंगेरीतल्या ज्यू संहारातून वाचलेला हा माणूस. सरकारी यादीत नाव असणं म्हणजे काय हे त्याला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती. यांग आणि कॅलाहन समोर बसलेले, मागच्या रांगेत शी ताओ यांची आई गाओ छिनशेंग. लँटॉस यांनी यांगना मागे वळून या मातेची माफी मागा असं सुनावलं. यांग वळले आणि कमरेत वाकले. आई रडत होत्या. लँटॉस यांचं पुढे गाजलेलं वाक्यही याच सुनावणीतलं : तंत्रज्ञानात आणि पैशात तुम्ही महाकाय आहात, नैतिकतेत मात्र बुटके.

त्या वाकण्याचा फोटो जगभर गेला. त्या छोट्या कागदावर मात्र फारसं कोणी लिहिलं नाही. सुनावणीतला सगळा राग कंपनीला काय माहीत होतं यावर होता. समजा, खरंच माहीत नसतं. समजा, नोटिशीत नुसतं ‘एका फौजदारी तपासासाठी’ एवढंच लिहिलं असतं. मग माहिती देणं बरोबर ठरलं असतं का? शी ताओ यांना तर तेवढीच वर्षं झाली असती.

नाही म्हणायची वेळ कोणती

याहूच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे आणि तो टाळून पुढे जाणं बरं नाही. बीजिंगच्या कार्यालयात नोटीस हातात घेतलेला माणूस चिनी नागरिक होता. नकार दिला असता तर आत जायची पाळी त्याची. कॅलिफोर्नियात बसून त्याला शूर व्हायला सांगणं सोपं आहे. कंपनीने हा युक्तिवाद समितीपुढे केलाही.

पण म्हणूनच माझ्या मते हा निर्णय २२ एप्रिलला झालाच नाही. त्या गुरुवारी तो माणूस फक्त आधीच ठरलेलं पार पाडत होता. निर्णय झाला तो पत्त्याच्या शेवटी ‘सीएन’ असलेली मेलसेवा चीनमध्ये काढून, खातेदारांची माहिती तिथल्या यंत्रणेच्या हाताशी ठेवून धंदा करायचं याहूने ठरवलं तेव्हा. २००२ मध्ये चिनी इंटरनेट उद्योगाच्या ‘स्वयंशिस्ती’च्या जाहीर प्रतिज्ञेवर याहूने सही केली होती. पुढचं सगळं त्यातून ओघानेच आलं. दारात पाय ठेवताना विचारायचा प्रश्न पोलीस दारात आल्यावर विचारून काय उपयोग?

हे नंतर सुचलेलं शहाणपण आहे असं कोणी म्हणेल. पण जानेवारी २००६ मध्ये गूगलने चीनसाठी वेगळं शोधयंत्र काढलं तेव्हा जीमेल आणि ब्लॉगर या सेवा मुद्दाम बाहेर ठेवल्या, आणि कारण हेच दिलं, की वापरणाऱ्यांची खासगी माहिती तिथे ठेवणं नको. शोधाचे निकाल गाळायचं मात्र त्यांनी मान्य केलं होतं, तेव्हा आरती ओवाळायचं कारण नाही. तरी एवढं दिसतं की माहिती कोणत्या देशात ठेवायची हा प्रश्न तेव्हाही कंपनीच्या टेबलावर घेता येत होता. जो डेटा तिथे नाही तो मागायला आलेल्या अधिकाऱ्यापुढे स्थानिक कर्मचाऱ्याला खरं बोलून हात वर करता येतात.

शी ताओ एकटे नव्हते. बीजिंगचे अभियंते वांग श्याओनिंग यांनी याहूच्या सेवा वापरून लोकशाहीच्या बाजूचं लिखाण निनावी पाठवलं होतं; २००३ मध्ये त्यांनाही १० वर्षं झाली, आणि त्यांच्या निकालातही याहूने दिलेल्या माहितीचा उल्लेख होता. त्यांनी आणि त्यांच्या पत्नीने एप्रिल २००७ मध्ये कॅलिफोर्नियात याहूवर दावा लावला, मागून शी ताओही त्यात आले. लँटॉस यांच्या सुनावणीनंतर बरोबर आठवड्याने, १३ नोव्हेंबरला, याहूने तडजोड केली. कुटुंबांना काय मिळालं ते तेव्हा गुप्त ठेवलं गेलं. शिवाय ऑनलाइन लिखाणासाठी तुरुंगात गेलेल्यांना मदत करायला सुमारे १ कोटी ७० लाख डॉलरचा निधी निघाला आणि तो हॅरी वू या जुन्याजाणत्या चिनी-अमेरिकी कार्यकर्त्याच्या हाती सोपवला गेला. वू स्वतः १९ वर्षं चिनी श्रमछावण्यांत काढलेले. २०१६ मध्ये ते वारले. पुढच्याच वर्षी काही माजी राजकीय कैदी वॉशिंग्टनच्या न्यायालयात गेले. तक्रार अशी, की निधीतले ७ लाख डॉलरसुद्धा कैद्यांपर्यंत पोचले नाहीत, बाकीचे इमारती, पगार आणि दुसऱ्याच कामांत गेले. नमस्काराचे पैसेसुद्धा वाटेत जिरले, असंच त्यांचं म्हणणं.

तुरुंगातली वर्षं

याबद्दल थोडंच सांगता येतं. पहिली वर्षं हुनानमधल्या छशानच्या तुरुंगात गेली. तिथे कैद्यांकडून दागिन्यांच्या खड्यांना पैलू पाडून घेत. ती भुकटी नाकातोंडात जाऊन त्यांना श्वासाचा आणि त्वचेचा त्रास सुरू झाला. २००७ मध्ये त्यांना हुनानमध्येच दुसऱ्या तुरुंगात हलवलं, आणि शेवटी निंगशियात, आपल्या मूळ प्रांतात, यिनच्वानला. जागतिक वृत्तपत्र संघटनेचा २००७ चा ‘गोल्डन पेन ऑफ फ्रीडम’ पुरस्कार त्यांना मिळाला. तो घ्यायला केप टाउनला आई गेल्या. मुलाचं अपील, तुरुंगातल्या भेटी, परदेशातल्या सुनावण्या, सगळीकडे याच बाई उभ्या दिसतात.

मधल्या काळात चीनमध्ये असा कागद पाठवायची गरजच कमी होत गेली. परदेशी कंपन्या गेल्या किंवा बंद पाडल्या गेल्या. २०१२ पासून वेइबोसारख्या देशी सेवांवर खऱ्या नावाने नोंदणीची सक्ती आली. पूर्वी आकड्यावरून फोन, फोनवरून इमारत आणि इमारतीवरून माणूस शोधावा लागे. आता सुरुवातच ओळखपत्राच्या क्रमांकाने होते.

शी ताओ यांना १५ महिने आधी, २३ ऑगस्ट २०१३ रोजी सोडण्यात आलं. बातमी बाहेर आली सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर. ९ सप्टेंबरला चीनच्या सर्वोच्च न्यायालयाने आणि सर्वोच्च अभियोक्ता कार्यालयाने मिळून एक नवा अर्थ लावून दिला : बदनामीकारक खोटी पोस्ट ५,००० वेळा पाहिली गेली किंवा ५०० वेळा पुढे पाठवली गेली, की लिहिणाऱ्यावर फौजदारी गुन्हा, ३ वर्षांपर्यंत कैद. किती जणांनी वाचलं यावर लिहिणाऱ्याचा गुन्हा मोजायचा. त्याच महिन्यात कान्सू प्रांतात एका १६ वर्षांच्या शाळकरी मुलाला एका संशयास्पद मृत्यूबद्दल पोस्ट टाकल्यावरून पोलिसांनी उचललं. बोभाटा झाल्यावर सोडलं.

शी ताओ बाहेर आले त्याच्या चार दिवस आधी, १९ ऑगस्टला, याहूची चीनमधली मेलसेवा कायमची बंद झाली होती. खातेदारांना जुने मेल दुसरीकडे हलवून घ्या, अशी सूचना काही महिने आधीच गेली होती.